माझ्या नावाची लोखंडाची कंपनी

“आजी, तुमची लोखंडाची कंपनी कुठंय?” जीएसटीच्या साहेबाने दारात उभं राहून विचारलं. मी भाकरी भाजत होते. म्हटलं, “हा तवा बघा. एवढंच लोखंड आहे घरात.”

संक्रांतीला गल्लीतल्या पुढाऱ्याने हळदीकुंकू ठेवलं होतं. वाणाच्या डब्यासाठी आम्ही बायकांनी आधारकार्डाच्या झेरॉक्स दिल्या. त्यातल्या माझ्या झेरॉक्सवर पुढाऱ्याच्या माणसांनी माझ्या नावाने कंपनी उघडली. साहेबानेच मला समजावलं, व्यापाऱ्याने खरेदीवर भरलेला कर सरकार त्याच्या पुढच्या करातून वजा करतं. या चोरांनी माल न घेताच माझ्या कंपनीची खोटी बिलं दाखवून ती सूट लाटली. कपाळाला कुंकू लावून लुटलं मेल्यांनी! आणि सरकार पकडायला आलं ते माझ्या दारात. कंपनीची मालकीण म्हणून माझं म्हातारपणाचं अनुदानही बंद केलं.

मी चौथी शिकलेली, लोकांची धुणीभांडी करणारी बाई आहे.