सोवळ्यातला नैवेद्य आणि न सांगितलेले दुखणे

कळस गावाजवळच्या आमच्या वस्तीवरील देवीचा नवरात्रातला नैवेद्य जिची पाळी कायमची थांबली आहे अशाच स्त्रीने रांधावा, असा दंडक आहे. तो जगन्मातेने घातलेला नाही, पंचांनी घातला. आणि पंचांत स्त्री एकही नाही. पाळी थांबली तेव्हा हा मान मला मिळाला. वडिलांनी लहानपणी शिकवलेली स्तोत्रे म्हणत पहाटे पुरण वाटावे, याहून मोठे सुख मी जाणले नाही. धाकटी जाऊ या मानावर डोळा ठेवून होती, हाही त्या सुखाचाच भाग होता.

साठी उलटल्यावर देहाने एकेक गाऱ्हाणे मांडले आणि मुलगा मला बारामतीला नेऊ लागला. तेथे देहाची वाटणी भावकीतल्या जमिनीसारखी चोख झालेली आहे. गुडघ्याचे डॉक्टर गुडघ्याचा बांध ओलांडत नाहीत. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली; साखरेच्या डॉक्टरांनी तीच गोळी निराळ्या नावाने दिली. मला भोवळ येऊ लागली, तर भोवळीचे डॉक्टर स्वतंत्र निघाले आणि त्यांनी भोवळीची गोळी दिली. आता वय झाले, यावर मात्र सर्व शास्त्रांचे एकमत होते. मी या सर्वांना सर्व काही सांगितले, एक गोष्ट सोडून.

उन्हाळ्यापासून लुगड्यावर अधूनमधून रक्ताचा डाग पडत होता. माझी थोरली नणंद असाच डाग लपवता लपवता गर्भपिशवीच्या कर्करोगाने गेली, हे मी विसरले नव्हते. परंतु नवरात्र तोंडावर आले होते. डाग कळला असता तर पुरणाचे पातेले जावेच्या हाती गेले असते. कर्करोगावर निदान उपचार तरी आहेत, जावेवर नाहीत, असा माझा शास्त्रशुद्ध विचार होता.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांगाची तपासणी हवी, म्हणून मी सूनबाईंबरोबर एका बाई डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझी गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी केली, दोन पाकिटे शेजारी ठेवली आणि एक केराच्या डब्यात टाकले. भोवळीचे शास्त्र तेथेच संपले. मग सूनबाईंना बाहेर बसवून त्यांनी विचारले, "आजी, पाळी गेल्यावर कधी अंगावरून लाल गेलंय?"

हा प्रश्न आजवर कोणीच विचारला नव्हता. मी म्हणाले, "नवरात्र झाल्यावर सांगितले तर चालेल का?"

"रोग नवरात्र बघून थांबणार आहे का?"

सोनोग्राफी झाली, आतला तुकडा काढून तपासणीला पाठवला. घरात कळले म्हणजे वस्तीत कळलेच. पंचांनी तत्परतेने मान जावेला दिला. त्याच संध्याकाळी जाऊ आली. विजयी मुद्रा पाहण्याची मी तयारी ठेवली होती. तिने दार लोटले आणि खाली मान घालून बसली.

"आक्का, मला जमायचं न्हाय."

"का?"

"मलाबी तसंच हाय. दिवाळीपासनं."

"मग इतके दिवस मान कशाला मागत होतीस?"

"मागितला नसता तर तुमास्नी कळलं नसतं व्हय?"

देवीपुढे इतकी वर्षे आम्ही दोघी एकमेकींवर पाळत ठेवून होतो, आणि दोघींनाही काही दिसले नव्हते.

यंदा नैवेद्य पंचांनीच सोवळे नेसून रांधला. देवीने तो गोड मानून घेतला, असे पुजारी सांगतात. वस्तीने मात्र ते करपलेले पुरण गुरांना घातले. आम्ही दोघी तेव्हा बारामतीच्या वाटेवर होतो. जावेच्या मांडीवर तिची गोळ्यांची पिशवी होती, माझ्या पिशवीहून मोठी. हेही तिने एकदा दाखवून घेतले.

माझ्या गर्भपिशवीत साधा पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब, निघाला, कर्करोग नाही. तिचा तुकडा अजून तपासणीत आहे. रोज देवीपुढे हात जोडते तेव्हा मी आधी तिच्यासाठी मागते. तिला हे सांगितलेले नाही. तिला तोही मानच वाटेल.