दादाची डबल केबिन

आमचं लाकडी पॅलेटचं शेड चाकणच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. जमीन कंपन्यांना गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर दादानं आणि मी ते घातलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माल पोचवायला भाड्याचे टेम्पो करून कंटाळल्यावर आम्ही स्वतःचा पिकअप घ्यायचं ठरवलं, आणि मग जवळजवळ वर्षभर आमचे रविवार शोरूममध्येच गेले.

तीन गाड्या मनात होत्या. एक परदेशी घडणीची. तिचं इंजिन कधी कुरकुरत नाही असं सगळे सांगायचे, पण किंमत ऐकून आम्ही शोरूमचा चहा पिऊन परत आलो. दुसरी डबल केबिनची. मागे तिघांची सीट, मोठा स्क्रीन, रिव्हर्सचा कॅमेरा, चारही चाकांना ताकद. तिसरी अगदी साधी. पुढे दोन माणसं, मागे लांब हौदा, खाली स्प्रिंगचे जाड पाटे, आणि काच हातानं फिरवून खाली करायची. मला तिसरी हवी होती. दादाचा जीव दुसरीत अडकला होता.

डबल केबिनच्या टेस्ट ड्राइव्हला तो आईलाच घेऊन आला. शोरूमचा माणूस गोंधळला, पण तोवर आई मागे बसलीसुद्धा. फेरी चौकापर्यंतची ठरली होती, दादानं गाडी थेट देहूकडे काढली. शोरूमचा माणूस पुढे बसून सारखं घड्याळ बघत होता. मी आईशेजारी होतो. खड्डे आले की आई नेहमी पुढची सीट घट्ट धरते, त्या दिवशी तिचे हात मांडीवरच होते. इंद्रायणीच्या पुलावर दादानं गाडी हळू केली आणि आरशात बघत विचारलं, "कसं वाटतंय?"

"हितं पाय लांब करता येत्यात," आई म्हणाली.

परतीच्या रस्त्यावर दादा शीळ घालत होता. तसा तो पुन्हा कधी दिसला नाही.

ठरवण्याआधी आम्ही भोसरीच्या चाचांकडे गेलो. वडलांच्या वेळेपासूनचे ते आमचे मिस्त्री. दादानं आणलेली रंगीत पत्रकं त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत. "नवी गाडी सगळ्यांचीच चांगली असते, बेटा," ते म्हणाले. "पाच सालांनी माझ्या दारात कोणती येऊन उभी राहते, ते बघा." डबल केबिनचं इंजिन दमदार, हे त्यांनीही मानलं. पण तिचा एखादा सेन्सर गेला की पार्ट यायला आठवडा जातो आणि तोवर गाडी उभी. साधीचा पार्ट त्यांच्या समोरच्या दुकानात मिळत होता.

बाहेर आल्यावर दादानं पत्रकांची घडी करून खिशात घातली. मग म्हणाला, "साधीच घेऊ. तू म्हणतोस ते खरं हाय." तो भांडेल असं मी धरून चाललो होतो. भांडला असता तर बरं झालं असतं.

साधी आली आणि तिनं कधी त्रास दिला नाही. पण शेडच्या कमाईवर दोन घरं काही चालेनात. दादा ओमानला एका कंपनीचं गोदाम सांभाळायला गेला, त्याला आता चार वर्षं झाली. आईला दवाखान्यात न्यायचं असलं की मी गाडी काढतो, तर ती म्हणते, रिक्षा बरी. तिकडे कंपनीनं दादाला चालवायला डबल केबिनच दिली आहे. कशी आहे, असं मी एकदा व्हिडिओ कॉलवर विचारलं. चांगली आहे म्हणाला, मागच्या सीटवर हेल्मेट ठेवतो.

गेल्या महिन्यात इथल्या त्याच डबल केबिनचं नवं मॉडेल शोरूमच्या काचेतून दिसलं आणि मी आत शिरलो. तिथला माणूस चालवून बघा म्हणाला. भाऊ आला की दोघं येऊ, असं सांगून मी नुसता फोटो काढला आणि दादाला पाठवला. त्याची शिफ्ट सुटल्यावर एकामागून एक मेसेज आले. क्लच जड हाय का? अ‍ॅव्हरेज काय सांगतात? सर्व्हिसला किती दिवस ठेवून घेतात?

मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. रविवारी शेड बंद करून पुन्हा गेलो, एकटाच, आणि फोन हातात धरून त्याचे सगळे प्रश्न विचारले.