उजव्या हाताची साक्ष

"कौनसे हाथ से निकाला था? बोलो चश्मे वाले भैया, सबके सामने बोलो."

भर दुपारी उज्जैनच्या देवास गेटला, माझ्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून ती बाई ओरडत होती. आत डोळ्यांचा नंबर काढायला बसलेलं गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं सोडून माझं तोंड वाचायला लागलं. समोर आगरच्या बसचा कंडक्टर ओरडायचा थांबला. देवास गेटचा कंडक्टर गप्प बसला की पृथ्वीसुद्धा घटकाभर फिरायची थांबते, हे मी शपथेवर सांगेन. पण माझ्या शपथेचं काय मोल आहे, तीच तर ही गोष्ट.

तिला मी ओळखलं होतं. कोर्टात शेवटच्या बाकावर बसायची. एका यात्रेकरूला सुरा मारून लुटलं म्हणून तिच्या ऑटोवाल्या नवऱ्याला सात वर्षांची शिक्षा झाली होती, आणि ती माझ्या साक्षीवर झाली होती.

आमचं घराणं दरबारी दफ्तरातल्या कारकुनांचं. आमच्यातलं पोर जन्मल्याबरोबर आधी सही करतं, मग रडतं. मी चष्म्यांचं दुकान काढलं, पण तोंड काही बंद झालं नाही. माझ्याकडचा चष्मा लावून एका म्हातारीनं इथूनच इंदूरच्या जावयाच्या ताटातल्या जिलब्या मोजल्या, हे मी माधवनगरात निदान हजार वेळा सांगितलं असेल. ऐकतात सगळे, खरं कोणी मानत नाही. तीस वर्षं असं सुखानं चाललं होतं.

पोलिसांना पंच लागतो. जप्तीचा माल सापडला तेव्हा एक त्रयस्थ माणूस समक्ष हजर होता, असं कागदावर दिसावं लागतं. खरा त्रयस्थ माणूस पोलीस दिसला की गल्लीत शिरतो. म्हणून एका ठाण्याचे दीवानजी, म्हणजे हवालदारसाहेब, आधीच लिहून ठेवलेला पंचनामा घेऊन माझ्याकडे यायचे. ठाणं कुठलं ते विचारू नका, मला याच गावात मरायचंय. त्यांच्या चष्म्याची दांडी कायम ढिली. मी स्क्रू आवळत असायचो, ते कागद पुढे सरकवायचे. "भाऊसाहब, यहाँ एक चिड़िया बिठा दो." मी सही ठोकायचो. वाचणार कधी, हातात पेचकस. अशा इतक्या चिमण्या मी बसवल्या की एकदम उडाल्या असत्या तर क्षिप्रेवर अंधार पडला असता.

या खटल्यात मात्र दुसरा पंच फितूर झाला. "मुझे कुछ नहीं मालूम," म्हणाला आणि उतरून गेला. राहिलो मी. कोर्टाच्या व्हरांड्यात दीवानजींनी बजावलं, "बस इतना कहना, दस्तखत मेरे हैं, छुरा मेरे सामने निकला. ज़्यादा मत बोलना."

हे त्यांनी सांगितलं कोणाला, तर मला.

पिंजऱ्यात उभा राहिलो. समोर जज, खाली वकील, मागे भरलेली बाकं. इतके लोक एकाच वेळी गप्प बसून माझं ऐकताहेत, असं माझ्या लग्नातही झालं नव्हतं. मी क्षिप्रेचा काठ उभा केला. बेशरमाची झुडपं लावली. गुडघाभर चिखल केला. एका कानाचं कुत्रं आणून भुंकायला लावलं. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीनं सुरा कसा काढला? मी म्हणालो, "दाहिना हाथ कोहनी तक कीचड़ में डाला साहब, मुट्ठी में पकड़ा और खींच लिया, जैसे दाढ़ उखाड़ते हैं."

स्टेनोची बोटं थांबत नव्हती. आरोपीच्या जागेवरून तो ऑटोवाला माझ्याकडे टक लावून बघत होता. उजवा हात गमछ्याखाली होता. मला वाटलं, ह्यालाही गोष्ट आवडलेली दिसते.

निकालात लिहिलं होतं, या साक्षीदारानं इतका बारीक तपशील दिला आहे की तो तिथे हजर होता याबद्दल शंका राहत नाही. तीस वर्षांत माझ्यावर पहिल्यांदाच कोणी विश्वास ठेवला होता. मी पेढे वाटले. ही थाप नाही, खरंच वाटले.

आणि आता ती पायरीवर उभी होती. "उस दाहिने हाथ की दो उँगलियाँ थाने में तोड़ दी थीं," ती म्हणाली. आता ओरडत नव्हती. "गिलास नहीं पकड़ पाते थे. छुरा कैसे पकड़ा?"

"अंदर आओ बहन, चाय पियो."

"चाय नहीं. वकील मैडम के पास चलो."

दुकान कोण बघणार, म्हटलं. तिनं शटर खाली ओढलं. गिऱ्हाईक आतच राहिलं. त्याला तीन दिवसांनी सोडवलं, असं मी पुढे सांगत असे. खरं म्हणजे तो मागच्या दारानं तेव्हाच गेला.

वकीलबाई म्हणजे फ्रीगंजात एका जिन्याखाली बसणारी मराठी मुलगी. तिनं जेलमधल्या डॉक्टरची नोंद पुढे ठेवली. जप्तीच्या दुसऱ्या दिवशीची. उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली, जखम काही दिवसांची, म्हणजे जप्तीच्या आधीची. आधीच्या वकिलानं तो कागद मागवलाच नव्हता.

"काका, मोडक्या बोटांनी मूठ वळत नाही. तुम्ही जास्तीचं बोललात, तेच त्याच्या उपयोगी पडेल. पण तुम्ही तिथे नव्हतातच, असं शपथपत्र द्यावं लागेल."

"दिलं तर?"

"खोट्या साक्षीचा खटला तुमच्यावर होऊ शकतो."

विषय बदलावा म्हणून विचारलं, "पोलिसांनी माणसाची बोटं मोडू नयेत, असा काही कायदा नाही का जगात?"

"आहे की. छळाविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार आहे. आपल्या देशानं त्यावर सहीसुद्धा केलीय."

"मग झालं तर."

"सही केलीय काका. मंजुरी दिलेली नाही. म्हणजे बांधील नाही."

"चिमणी बसवली म्हणायची," मी म्हणालो.

ती बाई माझ्या हाताकडे बघत होती.

शपथपत्र मी तीनदा वाचलं. सहीच्या आधी एखादा कागद वाचायची आयुष्यातली ही पहिली वेळ. इंदूरला हायकोर्टात ते दाखल झालं. तिथे सरकारी वकील म्हणाले, हा माणूस उज्जैनभर थापाड्या म्हणून मशहूर आहे, याच्या नव्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा? काय चूक होतं त्यांचं? तारीख पडली. मग आणखी एक पडली. ऑटोवाला आतच होता.

तिसऱ्या तारखेनंतर मी त्याच्या बायकोबरोबर जेलमध्ये मुलाकातीला गेलो. रस्ताभर माफीचं भाषण जुळवत होतो, त्यात एकदा रडायची जागासुद्धा ठेवली होती. जाळीपलीकडे तो येऊन बसला. उजवा हात मांडीवर, दोन बोटं वाकडी, दुसऱ्याच कोणाची आणून लावल्यासारखी. मी एवढंच म्हणालो, "भाई, मैंने लिखकर दे दिया है. मैं उस दिन वहाँ था ही नहीं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बायकोनं आणलेल्या पिशवीकडे.

"यह तो मैंने पहले ही दिन बोल दिया था, बाबूजी," तो म्हणाला.