फुकटच्या समुद्रावर इंदुबाई

पडदा वर जातो आणि समोर समुद्र दिसतो. मागच्या भिंतीवर निळ्या रंगाच्या लाटा, लाटांवर दोन शिडाच्या होड्या, आणि खाली कोपऱ्यात कंत्राटदाराचं नाव, चितारलेल्या सूर्याहून मोठं. डावीकडे सिमेंटचं दीपगृह. उजवीकडे सिमेंटचाच देवमासा, जबडा वासून बसलेला. मधोमध फरशी आणि फरशीला भोकं. संध्याकाळी उद्यानाचे रखवालदार हिंदुराव शिट्टी फुंकतात, पंप घरघरतो आणि त्या भोकांतून पाणी उसळतं. मग पोरं विंगेत दबा धरून बसल्यासारखी चारी बाजूंनी धावून येतात. तिकीट नाही, पास नाही. हिंजवडीच्या अलीकडे महापालिकेनं पुणेकरांसाठी बांधलेला हा फुकटचा समुद्र.

त्या मे महिन्यातल्या संध्याकाळी या रंगमंचावर इंदुबाई गव्हाणे यांचा प्रवेश झाला. नेसूला जुनं नऊवारी, कडेवर दोन वर्षांची नात सृष्टी, आणि हातात पाच वर्षांच्या नातवाचं मनगट, अगदी घट्ट.

"आज्जी, हात सोड ना! दुखतोय!"

"दुखू दे. पाण्यापाशी हात सोडत नसते."

इंदुबाई वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडच्या. उन्हाळ्यात टँकर येई, तेव्हाच पाणी पाहायचं, आणि तेही घागरीत. जमिनीतून पाणी वर उडतंय आणि कुणी त्याखाली कळशी धरत नाही, हे त्यांना पाहवत नसे. त्यात लेकरं घसरतील, नाकातोंडात पाणी जाईल, गारठतील, या काळज्या होत्याच. पण खरी काळजी भिंतीपलीकडे होती. तिथं नव्या इमारतीसाठी मोठा खड्डा खणला होता. अवकाळी पावसानं तो भरला होता, आणि एका जागी भिंत इतकी ढासळली होती की पाच वर्षांचं पोर सहज पलीकडे जाईल. पहिल्याच दिवशी इंदुबाईंनी ते हेरलं होतं. तेव्हापासून त्यांची एक नजर नातवावर असे आणि दुसरी त्या भगदाडावर.

खरं तर पोरांना खरा समुद्र दाखवायचा होता. मुलगा दिग्विजय हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत. दर सुट्टीत कोकणात जायचं ठरे, आणि दर सुट्टीत कंपनीचं काहीतरी निघे. सूनबाई हेमा बँकेत, तिला उशीर. शेवटी दिग्विजयच म्हणाला, "आई, तू यांना बागेतल्या समुद्रावर ने. तेवढीच पोरं खूश." इंदुबाई हो म्हणाल्या. मुलाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

आता त्या मुलाच्या मुलाचं नाव. घरीदारी त्याला सोनू म्हणत. पण जन्मदाखल्यावरचं आणि शाळेतलं नाव होतं रंगनाथ, म्हणजे आजोबांचं. रंगनाथराव गेले आणि दोन महिन्यांनी हा जन्मला, तेव्हा दिग्विजयनं हट्टच धरला. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीवर गुद्दे घातले, सगळ्या हसल्या. इंदुबाई तेवढ्या भिंतीकडे तोंड करून पदर सारखा करत उभ्या राहिल्या.

नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. त्यांच्या पिढीत ते घ्यायचं नसतं. घ्यायचं ते उखाण्यात, यमकाचा पडदा लावून. रंगनाथरावांची रिसोडच्या एसटी स्टँडबाहेर उसाच्या रसाची गाडी होती आणि तिच्यावर लाल अक्षरांत 'रंगनाथ रसवंती' अशी पाटी. कुणी अधिकारी आला आणि "बाई, मालकाचं नाव काय?" म्हणाला, की इंदुबाई बोटानं पाटी दाखवत. लिहिता त्यांना येत नव्हतं, पण पाटी होती तोवर अडलं नाही. पुढे मालक गेले, रसवंती विकली, आणि विधवेला उखाणा घ्या म्हणतं कोण? नाव तोंडातल्या तोंडात राहून गेलं.

पुण्यात आल्यावर मात्र ते दारात येऊन बसलं. हेमानं सोनूला पढवून ठेवलं होतं, "कोणीही सोनू म्हणून हाक मारली तरी दार उघडायचं नाही, जायचं नाही. आवाज ओळखीचा वाटला तरी नाही. सोसायटीत सगळेच सोनू आहेत. जो पूर्ण नाव सांगेल, तोच आपला. आणि हरवलास तर जिथं असशील तिथंच बसून राहायचं." पोराला तो खेळच झाला. दिग्विजय दारातून "रंगनाथ दिग्विजय गव्हाणे!" अशी आरोळी ठोकी, की कडी निघे. इंदुबाई भाजी घेऊन आल्या की मात्र पंचाईत.

"कोण?"

"मी आजी व्हय रे. उघड."

"पूर्ण नाव?"

"सोन्या, हात भरून आले बापा. मेथी, काकडी..."

"भाजीचं नाही, माझं!"

मग हेमा आतून यायची आणि हसत दार उघडायची. "अहो आई, आता ते नातवाचं नाव आहे. घेतलं तर काय होतं?"

"नाव तं त्यायचंच हाय न," इंदुबाई म्हणायच्या आणि मेथी निवडायला बसायच्या.

तर त्या संध्याकाळी सगळं नीट चाललं होतं. हात सोडवून घेतलेला सोनू धारेवर पाय ठेवून ती दाबायचा आणि पाय काढला की किंचाळायचा. इंदुबाई काठावर उभ्या राहून दर किंचाळीला दचकत होत्या. तेवढ्यात सृष्टीच्या डोळ्यांत पाणी गेलं आणि तिनं भोकाड पसरलं. इंदुबाईंनी पदरानं तिचे डोळे पुसले, फुंकर घातली, "नाही माय, नाही" म्हणाल्या आणि मान वर केली.

लाल चड्डीतला सोनू तिथं नव्हता.

त्यांनी दुसऱ्या टोकाला पाहिलं. लाल चड्डी होती, पण पोर दुसरं. दीपगृहामागं गेल्या. तिथं दोन मुली शेंगदाणे खात होत्या. "सोन्या! ए सोन्या!" पंपाच्या घरघरीत आणि शंभर पोरांच्या गलक्यात तो आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू येईना. मग नजर गेली ती भिंतीच्या भगदाडावर. पायांतली चप्पल कधी सुटली ते कळलं नाही. सृष्टीला छातीशी धरून त्या भगदाडापर्यंत पोचल्या आणि वाकल्या. खाली गढूळ पाणी, अगदी स्तब्ध. एक प्लॅस्टिकची पिशवी तरंगत होती. इंदुबाई त्या पिशवीकडे बघत राहिल्या आणि तिच्याखाली काही हलतं का, याचा विचार करायचं धाडस त्यांना होईना.

"आवं आजी! तितं नका जाऊ, माती ढासळती!" हिंदुराव शिट्टी हातात घेऊन धावत आले. ते जवळच्याच गावचे, आणि बाग झाली ती त्यांच्या भावकीच्या जमिनीवर.

"माह्यं पोरगं, साहेब. माह्या हातात देलं होतं. माह्या हातात!"

"घाबरू नका. बागेतला माळी खाली उतरून बघंल. तवर आपण माईकवर पुकारू. मोबाईल हाय का पोराच्या आईबापाचा?"

मोबाईल घरी होता, चार्जिंगला लावलेला. नंबरही त्यातच.

हिंदुरावांच्या खोलीबाहेर खांबाला भोंगा टांगला होता. त्यांनी पंप बंद केला. पाणी एकदम फरशीत गेलं, पोरं हिरमुसली. भोंगा खरखरला, "सोनू नावाचा मुलगा. लाल चड्डी. सोनूनं हापिसपाशी यावं."

आले. एक, दोन, तीन, मग आणखी. एक मुलगीही आली. त्यांच्यात आपला सोनू नाही हे पाहताना दर चेहऱ्याला इंदुबाईंचा जीव खालीवर होत होता.

नारायण पेठेतून नातवंडं घेऊन आलेल्या एक बाई म्हणाल्या, "सोनूच नाव ठेवायचं तर पुढं नंबर तरी द्यावा." पण इंदुबाईंचा चेहरा पाहून त्याच बाईंनी पुढं होऊन सृष्टीला आपल्या कडेवर घेतलं.

"तुम्हीच बोला, आजी. तुमचा आवाज वळखंल," हिंदुराव म्हणाले.

इंदुबाईंनी माईक धरला. "सोन्या, मी आजी व्हय रे. ये बापा." भोंग्यातून तो आवाज भलत्याच कुणाचा वाटला. कुणी आलं नाही.

आणि तेव्हा त्यांना ते दार आठवलं. आवाज ओळखीचा वाटला तरी नाही. पोर जिवंत असेल, इथंच कुठं बसलं असेल, तर ते पूर्ण नावाची वाट बघत असेल.

"त्याले पूर्ण नाव लागते," त्या हळूच म्हणाल्या.

"मग सांगा की. मी पुकारतो."

इंदुबाईंनी पदर तोंडाला लावला. आजूबाजूला बोट दाखवायला पाटी नव्हती. "त्याच्या आजोबाचं हाय."

हिंदुरावांनी त्यांच्या हातातला माईक घेतला. त्यांची आईही अशीच असावी, कारण ते चिडले नाहीत. "बरं. मी नावं घेतो, तुम्ही मान हलवा. दशरथ? मारुती? ज्ञानोबा?"

"विठ्ठल असेल," कुणी म्हणालं.

"बद्रीनाथ?" नारायण पेठेतल्या बाईंनी सुचवलं.

इंदुबाईंनी मान हलवली, नाही. मग थोडी तिरकी हलवली, जवळ आलात अशी.

"केदारनाथ! सोमनाथ! एकनाथ!" जमलेल्या बायका ओरडू लागल्या. खड्ड्याकडून माळ्याची हाक आली, "अजून काय लागलं नाय! पाणी खोल हाय!"

ते शब्द ऐकले आणि इंदुबाईंनी माईक पुन्हा हातात घेतला. डोक्यावरचा पदर पुढं ओढला. लग्नात उंबऱ्यावर माप ओलांडताना उभ्या होत्या, तशाच उभ्या राहिल्या. आवाज कापत होता, पण यमक चुकलं नाही.

"गर्दीच्या या समुद्रात हरवला माझा नातू,
रंगनाथरावांचं नाव घेते, बाहेर ये रे तू!"

बायकांनी "वा वा!" केलं. कुणीतरी टाळ्या पिटल्या, मग लाजून थांबलं. दीपगृहाकडून नाही, झोपाळ्याकडून नाही, कुठूनच कुणी येईना.

"राव जोडलंत हो," नारायण पेठेतल्या बाई कुजबुजल्या. "शाळेत राव नसेल लावत."

हिंदुराव म्हणाले, "कळलं नाव मला. द्या, मी पुकारतो."

पण इंदुबाईंनी माईक सोडला नाही. हातातलं एक पोर त्यांनी सोडलं होतं, आता हा सोडणार नव्हत्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला, तो त्यांनी सावरला नाही. आणि भोंग्यातून सगळ्या बागेवर, रंगवलेल्या लाटांवर आणि पलीकडच्या खड्ड्यावर आवाज गेला.

"रंगनाथ! ए रंगनाथ! रंगनाथ दिग्विजय गव्हाणे! असशील तिथून निघ! रंगनाथ!"

कितीदा म्हणाल्या, कुणी मोजलं नाही. थांबता येत नव्हतं, एवढं खरं.

देवमाशाच्या जबड्यातून आधी एक ओला पाय बाहेर आला. मग लाल चड्डी. मग सोनू, गुडघे चिखलानं माखलेले, चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद. धारेच्या जोरानं घाबरून तो आत शिरला होता. बाहेर पाहिलं तर आजी दिसेना. मग आईनं सांगितलं होतं तसा जिथल्या तिथं बसून राहिला.

इंदुबाई धावल्या नाहीत. पोरच पळत आलं आणि त्यांच्या ओल्या लुगड्याला बिलगलं. त्यांनी त्याचं डोकं, कान, हात, सगळं चाचपून पाहिलं, आणि मग खांबाला टेकून तिथंच खाली बसल्या. हिंदुरावांनी माळ्याला वर यायला हाक मारली आणि तोंड फिरवून शिट्टी पुसत बसले.

"आज्जी, मी सगळं ऐकत होतो," सोनू म्हणाला. "तुझं 'सोन्या' ऐकलं, कविता पण ऐकली. पण पूर्ण नाव नव्हतं म्हणून नाही आलो. पूर्ण नाव आधीच का नाही घेतलंस?"

इंदुबाईंनी पदराचा ओला शेव पिळला. "तुह्या आजोबाले इचारत होती, घेऊ का म्हणून."

"मग काय म्हणाले आजोबा?"

इंदुबाईंनी रंगवलेल्या समुद्राकडे पाहिलं, नाक पुसलं आणि म्हणाल्या,

"म्हणे, इतका उशीर काऊन केला."