आत्याचं फिरतं न्हाणीघर

माझ्या आत्याइतका कोरड्या नळावर विश्वास असलेला माणूस सबंध बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. आष्टीत आमच्या गल्लीत आठ दिवसांनी टँकर यायचा, पाहुण्यालासुद्धा पेला अर्धाच भरून मिळायचा, आणि त्याच उन्हाळ्यात माझी आत्या अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होती, "गरम पाण्याचा नळ डावीकडं घ्यावा का उजवीकडं?"

हा नळ बसणार होता चाकांवरच्या घरात. सहकारी साखर कारखाना उभा राहत होता तेव्हा यंत्रं बसवायला आलेल्या इंजिनिअरसाठी ते पत्र्याचं गाडीघर आणलं होतं. ट्रॅक्टरमागं जोडून ओढायचं. आत घडीचं टेबल, हातभर ओटा आणि कोपऱ्यात माणूसभर न्हाणी. आत्या त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये पंचवीस वर्षं होती. बाकीचे निवृत्त होताना शाल-नारळ घेऊन घरी आले. आत्या भंगारात निघालेलं ते गाडीघर मागून घेऊन आली. वेशीतून शिरताना त्याच्या दारात ती मंत्र्यासारखी उभी होती म्हणतात. तिचा बेत सरळ होता. आमच्या भागातली टोळी दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघायची. बायका पाच-सहा महिने पाचटाच्या खोपटात, कोपीत, राहायच्या आणि अंधारात, उघड्यावर अंघोळ उरकायच्या. टोळी जायची त्या कारखान्याच्या तळावर वीज होती. तिथं ही गाडी उभी राहणार आणि बायकांना दार लावून गरम पाणी मिळणार.

पाइप हे तिचं गणगोत होतं. पाइपाच्या वाकड्या जोडात, एल्बोत, बोट घालून ती त्याचं माप सांगायची. कुणाच्याही घरी गेली की आधी मोरीत डोकावायची, मग ख्यालीखुशाली. बाबांच्या लग्नात ऐन मुहूर्ताला करवली सापडेना; ती जानवसघरातल्या गळक्या नळापाशी बसली होती. फोटोत करवलीच्या पोलक्याची एक बाही कोपरापर्यंत ओली दिसते. गाडीघरातले गंजलेले जुने पाइप तिनं स्वतः कापून काढले, पांढरे नवे जोडले, आणि अंघोळीचं पाणी खालच्या पिंपात साठून कपड्यांना वापरता येईल अशी वाट काढली. एका सांध्यातून थेंब पडला तर ती त्याला म्हणाली, "कावून रडतो रे? आमाला मिळंना प्यायला, अन् तू सांडतो?"

मला तिचा मनस्वी हेवा वाटायचा. मी नगरच्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात वाढलेली. सुट्टीत घरी आले की बाबा माझ्याशी तीन वाक्यं बोलायचे: जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय, पंखा बंद कर. तेच बाबा बँकेतून आले की बूटसुद्धा न काढता आत्याच्या गाडीपाशी जायचे, पाइपांच्या मोळीवर बसून तिला पाना द्यायचे. घरातला बल्ब न बदलणारा माणूस! "आक्का, हा पाना चौदाचा का सोळाचा?" "बापू, बँकेत नोटा तरी नीट वळखतो ना?" आणि बाबा मोठ्यानं हसायचे. ते हसणं मी खिडकीतून ऐकायचे, हातात पुस्तक धरून, पान न उलटता.

दसऱ्याच्या चार दिवस आधी, मी सुट्टीला घरी असताना, नवा गिझर आला; पावसाळाही कोरडाच गेला होता. टोळीतली एक बाई तो बघायला आली. सातवा महिना असेल तिला. "आक्का, ऊन पाणी मिळंल ना नक्की? माझं बाळंतपण तिकडंच हाय."

"मिळंल म्हणजे? तुझ्या लेकराला मी सोता न्हाऊ घालते. चल, आजच लावून बघू."

गिझरबरोबर इंग्रजीत छापलेला कागद होता. आत्यानं तो माझ्याकडं दिला. "म्याडम, बघा जरा, काय म्हणतोय ह्यो."

मी वाचलं. गरम नळातून अखंड धार येईपर्यंत, म्हणजे गिझरची आतली टाकी पूर्ण भरेपर्यंत, बटण दाबायचं नाही. तेवढ्यात बाबा आत्याच्या कानाशी काहीतरी बोलले आणि दोघंही हसले. मलाच हसले, असं मला वाटलं.

"नेहमीचंच लिहिलंय," मी म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

आत्यानं छतावरच्या टाकीत एकच कळशी ओतली. तिच्या डोक्यात बंब होता. बंबात ओतावं तेवढं तापतं. आणि नुसतं बघण्यासाठी टाकीभर पाणी घालवणं आमच्या गल्लीत कुणालाच सुचलं नसतं. तिनं बटण दाबलं. थोड्या वेळानं नळातून पाण्याऐवजी जळका वास आला. गिझरची कॉइल गेली. ती बाई पदर सावरून हळूहळू चालत निघून गेली.

मी तिच्या पाठीकडं बघत राहिले. मग गाडीत गेले. आत्या गिझर उघडत होती. "आत्या, त्या कागदात लिहिलं होतं. टाकी पूर्ण भरायची. मी सांगितलं नाही."

"म्हाईत हाय. घडी घालताना तुझं तोंड बघितलं मी, पर ध्यानात आलं वास आल्यावर." तिनं पाना माझ्या हातात दिला. "तुझा बाप अन् मी कशाला हसत हुतो, तुला सांगू? त्यो म्हनला, माझी पोरगी इंग्रजी वाचती तवा मला तिच्याशी बोलायचं भ्याव वाटतं. आता धर नीट. ह्यो चौदाचा हाय."

बाबा दुसऱ्या दिवशी बीडहून नवी कॉइल घेऊन आले. टाकी काठोकाठ भरायला गल्लीनं घरटी एक कळशी दिली. गिझरच्या पत्र्याला हात लावून पाणी तापलंय का ते बघायला सगळे रांगेत उभे होते. मी त्या कागदाचं मराठी करून, मोठ्या अक्षरात लिहून, न्हाणीच्या दाराला चिकटवलं. बाबांनी ते दोनदा वाचलं. "अक्षर चांगलं आहे," म्हणाले. चौथं वाक्य.

टोळीमागोमाग ट्रॅक्टरनं गाडीघर ओढत नेलं. आत्या दारात उभी होती. त्यानंतरही कितीतरी हंगाम ती जात राहिली.

आता मी शहरात राहते. गरम नळ सोडला की धार अखंड होईपर्यंत अजून थांबते. आत्यानं त्या बाईच्या मुलीला पाय पसरून, पायांवर घेऊन पहिल्यांदा न्हाऊ घातलं, तेव्हा ती मुळीच रडली नाही म्हणे. मी कधीही न पाहिलेल्या त्या मुलीचा मला अजून हेवा वाटतो. आई म्हणते, तुलाही आत्यानंच न्हाऊ घातलं होतं, तिच्याच पायांवर. घातलं असेल. पण ते मला आठवत नाही.