घुबडवाली मावशी

घुबडवाली मावशी बोलायला लागली की समोरच्याने फक्त मान हलवायची. तानशाजवळच्या शिकारी पक्ष्यांच्या केंद्रावर मी कामाला होतो, तेव्हा सकाळी तिच्या आधी तिचा आवाज फाटकातून आत यायचा. पण हीच बाई पिंजऱ्यांच्या पडवीत पाऊल टाकताच मुकी व्हायची. बरा करून रानात सोडायच्या पक्ष्याला माणसाच्या आवाजाची सवय लावायची नाही, हा तिथला नियम. आत विंचू चावला असता, तरी मावशी बोंब मारायला बाहेर आली असती.

तिने तो नियम एकदाच मोडला होता. मुरबाडकडच्या एका शाळेच्या माळ्यावरून पडलेलं गव्हाणी घुबडाचं पिल्लू आलं होतं, पांढऱ्या तोंडाचं, मूठभर. ते काही केल्या खाईना. डॉक्टरांनी आशा सोडली, तशी मावशीने त्याला मांडीवर घेतलं आणि "खा रे बाला, तुला माझी आन हाय," म्हणत किती तरी वेळ आळवलं. पिल्लू खायला लागलं, वाढलं. पण सोडायला नेलं तर रानाकडे पाठ करून थेट तिच्या खांद्यावर येऊन बसलं. असं माणसांत शिरणारं घुबड कुणाच्या तरी काठीखाली मेलंच असतं, म्हणून ते कायमचं पिंजऱ्यात राहिलं. "जगवला मीच, न् कोंडला बी मीच," असं म्हणून मावशी विषय बदलायची.

मग तेच घुबड हातमोज्यावर घेऊन ती शाळाशाळांत आणि धसईच्या बाजारात हिंडू लागली. एका म्हातारीने "अवलक्षनी मेला, लांब ने," म्हणून तोंड फिरवलं. मावशी म्हणाली, "आये, त्याच्या तोंडाकडं नको, पोटाकडं बघ. तुझ्या भातातले उंदीर तिथं जातात."

घुबडाला मारलेला दगड ते पाण्यात नेऊन ठेवतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, असं आमच्याकडे म्हणतात. खरं का, असं पोरं विचारायची. "माला काय म्हाईत? मारून बघ, मंग कलंल," मावशी गंभीरपणे सांगायची. अंधश्रद्धा पसरवतेस म्हणून मी एकदा तिच्यावर चिडलो. ती म्हणाली, "पोराच्या हातातला दगड खाली पडला ना? मंग चिडतो कशाला रे?"

पुढे तसंच दुसरं पिल्लू आलं. तेही खाईना. मावशी तोंडात पदर कोंबून त्याच्यासमोर चिमट्यात मांसाचा तुकडा धरून बसायची. बाहेर येऊन रडायची, तोंड धुऊन परत आत जायची. मला वाटायचं, आता बोलेल, मग बोलेल. ती बोलली नाही. शेवटी पिल्लाने आपणहून तुकडा ओढला.

थंडीत, कापणी झालेल्या शेताच्या कडेला संध्याकाळी आम्ही त्याची पेटी उघडली. ते उडालं, झाडांवरून सरळ पलीकडे गेलं. निदान एक घिरटी तरी घालील म्हणून आम्ही सगळे माना वर करून उभे. मावशीने मात्र टाळी वाजवली. "मेल्यानं मागं वलून पन नाय बघला!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती.

गेल्या साली मावशी गेली. मला तिची फार आठवण येते. यंदा मुलीला शिकायला नाशिकला पाठवलं. शहापूरच्या स्टँडवर ती एसटीत चढली, मैत्रिणीशेजारी बसली आणि बोलण्यात रमली. गाडी सुटली तरी तिने खिडकीबाहेर पाहिलं नाही.

"अहो, हाक मारा ना तिला," बायको म्हणाली.

मी नाही मारली.