दादांनी वाचलेलं एकच पुस्तक

नातवंडं शाळेत जायला लागल्यावर माझी आई माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, सोडून गेली होती.

आज दादांना जाऊन एक वर्ष झालं. ही पोस्ट आईला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "लिही. पण खोटं नको लिहू. मेल्यावर सगळेच देवमाणूस होत्यात."

तर खरं तेच लिहिते.

औरंगपुऱ्यात माझं पुस्तकांचं छोटं दुकान आहे. सगळ्यात जास्त काय खपतं? सवयी कशा बदलाव्यात, पैसा कसा वाढवावा, नाती कशी सांभाळावीत. रोज कुणी ना कुणी विचारतं, "मॅडम, यातलं चांगलं कुठलं?"

दादा या पुस्तकांना हसायचे. "जगायला बी गाईड लागतं व्हय आता?"

मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला माणूस. शिकले, वाळूजच्या एका कंपनीत लागले, गारखेड्यात घर बांधलं. आयुष्यभर शिफ्ट ड्यूटी. घरी यायचे ते जेवायला आणि झोपायला.

मग रिटायर झाले आणि दिवसभर घरात.

चहा एवढा गोड का? गॅस मोठा का? बहिणीशी फोनवर एवढं काय बोलायचं असतं?

आई ऐकून घ्यायची.

एकदा पाहुणे आले होते. माझ्या चुलत बहिणीच्या सोयरिकीचा विषय चालला होता. आई काहीतरी सांगायला गेली, तर दादा म्हणाले, "तू गप. तुला काय कळतंय त्यातलं?"

पाहुणे हसले.

ते गेल्यावर आईनं त्यांचे कप विसळले, पिशवी भरली आणि पैठणकडची बस पकडून मामाच्या गावी गेली.

दुसऱ्या दिवशी दादा माझ्या दुकानात. गिऱ्हाईक होतं तोवर बाहेरच उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले,

"तुझी आई गेली."

मी काउंटरमागून बाहेर आले. "गेली म्हणजे?"

"मामाकडं. फोन केला तर म्हणली, आता येणार नाय."

स्टुलावर बसले. मग पुस्तकांच्या रॅककडं बोट दाखवलं.

"बायकोशी कसं बोलावं, असलं काही हाय का यात?"

मी नात्यांवरचं एक सोपं पुस्तक काढून दिलं. ते त्यांनी दुमडून पिशवीत कोंबलं. कुणी बघू नये म्हणून.

मग सुरू झाले फोन.

"यात लिवलंय, माफी मागताना 'पण' म्हणायचं नाय. मग आपली बाजू कधी सांगायची?"

"नाही सांगायची, दादा."

पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला.

"अवघड हाय."

पुस्तक संपल्यावर म्हणाले, "चल माझ्यासंगं. एकट्याला जमायचं नाय." बसमध्ये अख्खा रस्ता ओठ हलत होते. पाठांतर चाललं होतं.

मामाच्या अंगणात आई शेंगा फोडत बसली होती. आम्हाला बघूनही तिनं मान वर केली नाही.

दादा म्हणाले, "इंदू."

आई दचकून उठलीच. "काय झालं? कोण गेलं?"

लग्नापासून कधी त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. 'अगं ए' नाहीतर 'ऐकलं का'. तिला वाटलं, नक्की काहीतरी वाईट घडलंय.

पाठ केलेलं सगळं दादा विसरले.

"कोणी नाय गेलं. मी चुकलो. चारचौघांत तुला तसं बोलायला नको होतं." पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण तू बी..."

आणि गप्पकन तोंड मिटलं. माझ्याकडं बघायला लागले.

आई म्हणाली, "बोला की पुढं."

"नाय. पुस्तकात 'पण' म्हणू नका असं लिवलंय."

"कसलं पुस्तक?"

दादांनी पिशवीतून काढून दाखवलं. आईनं ते उलटसुलट करून बघितलं. आता ते फेकून मारते की काय असं मला वाटलं.

ती म्हणाली, "माझ्यासाठी वाचलं?"

"व्हय."

"समदं?"

"समदं."

आई त्या दिवशी आली नाही. म्हणाली, "च्या घ्या आन जावा."

दादा पुढच्या आठवड्यात परत गेले. एकटेच. मग त्याच्या पुढच्याही. मामी हसायची, "मुलगी बघायचा कार्यक्रम चाललाय जणू!" अंगणात बसून दादा एवढंच विचारायचे, "तुला काय वाटतं?" आणि ऐकत राहायचे. आई सांगते, पहिल्यांदा तिला बोलायलाच सुचेना. मग एकदा बोलायला लागली ती थांबेचना. मी लहान असताना आजारी पडले होते तेव्हा रात्रपाळी न सोडल्याचा रागसुद्धा तिनं तिथंच काढला.

एका रविवारी दोघं एकाच बसनं परत आले.

दादा काही एकदम बदलले नाहीत हं. चिडायचे. मग गॅलरीत जायचे आणि जरा वेळानं चहा टाकायचे. स्वतः. चहा भयंकर व्हायचा.

दुकानात येऊन बसले की पैशाचं पुस्तक चाळणाऱ्या पोरांना विचारायचे, "लगीन झालंय का? मग आधी ते खालच्या कप्प्यातलं नात्यांचं घे." माझा सेल वाढला!

मागच्या वर्षी अटॅक आला. दवाखान्यात नेलं, फार वेळ मिळाला नाही. आई शेवटपर्यंत उशाशी होती.

दहाव्याला भेटायला आलेल्या बायका आईला म्हणत होत्या, "एवढ्या वर्षांचा संसार हो तुमचा..."

आईनं डोळे पुसले. म्हणाली,

"एवढ्या वर्षांचा कुठला, बाई. आत्ता कुठं सुरू झालता."

दादा, आई बरी आहे. आम्ही तिचं ऐकतो.

भरल्या डोळ्यांनी तुम्हाला नमस्कार.